स्टेम सेल नको म्हणणारे स्टेम सेलवाले न्यूरोलॉजिस्ट (ठाणे, घोडबंदर रोड)

आधीच सांगते, डॉक्टरांचं नाव लिहिणार नाहीये. त्यांना असली जाहिरात आवडत नाही, आणि तसंही घोडबंदर रोडला चार वाजताच्या अपॉइंटमेंटला सव्वासहाला आत घेतात ते न्यूरोवाले म्हटलं की अर्ध्या ठाण्याला कळतं. स्टार द्यायचे तर साडेचार. अर्धा कापलाय त्याची कारणं आहेत, ती येतीलच खाली.

हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितेय ज्यांच्या घरी कोणाला पॅरालिसिसचा झटका (स्ट्रोक) येऊन गेलाय, महिने झाले तरी हात उचलत नाही, आणि फॅमिली ग्रुपवर कोणीतरी स्टेम सेलचा (म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात त्या मूळ पेशी) व्हिडिओ टाकलाय की बघा हे गृहस्थ व्हीलचेअरवरून उठून चालायला लागले. आमच्याकडे तो व्हिडिओ एकाच आठवड्यात तीन वेगवेगळ्या नातेवाईकांकडून आला. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

पेशंट म्हणजे माझे सासरे (बाबा), वय बहात्तर. ठाणे बेलापूर रोडच्या कंपनीत आयुष्य गेलं, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. बीपी जुनं, आणि बीपीच्या गोळीचं आपल्याकडे जे होतं तेच, बरं वाटतंय ना मग कशाला घ्या. पहाटे सहा चाळीसला आईंनी (सासूबाई) त्यांना चहाला हाक मारली तर हे उठून बसताना डावीकडे कलंडले, तोंड वाकडं, डावा हात नुसता लोंबतोय आणि बोलणं दारू प्यायल्यासारखं. शेजारचे काका म्हणाले कांदा फोडून नाकाला लावा, वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या साखरपाणी द्या, कोणी म्हणालं आपले फॅमिली डॉक्टर दहाला येतात तोवर पडू दे. नवऱ्याने कोणाचं ऐकलं नाही, दोघांच्या आधाराने सरळ गाडीत घातलं आणि निघालो. सकाळी घोडबंदर मोकळा असतो म्हणून बरं, हेच नऊ वाजता झालं असतं तर मानपाड्याच्या सिग्नललाच खेळ संपला होता. सात दहाला कॅज्युअल्टीत.

आता डॉक्टरांचं खरं काम इथे बघितलं आम्ही. कॅज्युअल्टीच्या पोराने फोन केला असणार कारण सर टीशर्ट आणि स्लीपरवरच आले, जवळच राहतात म्हणे. पहिला प्रश्न बीपीचा नाही, शुगरचा नाही. "यांना शेवटचं ठीक कधी बघितलं?" नवरा म्हणाला रात्री साडेदहाला, झोपायच्या आधी. कोणीही तेच सांगितलं असतं. सरांनी ते लिहिलंच नाही, आईंकडे वळले, "काकू, रात्रीत उठले होते का, बाथरूमला वगैरे?" आई रडत होत्या, आठवून म्हणाल्या हो पाचला उठले होते. "काही बोलले?" पंखा कमी कर म्हणाले. "नीट बोलले? चालत गेले? दिवा लावला?" हो, हो, हो. सरांनी केसपेपरवर पाच असं लिहिलं आणि त्याला गोल केला.

त्या गोलामुळे बाबांना इंजेक्शन मिळालं. गुठळी विरघळवायचं जे इंजेक्शन असतं ते झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि झटका झोपेत आला असेल तर घड्याळ शेवटचं ठीक बघितलं तिथपासून धरतात. साडेदहा धरले असते तर आम्ही हिशोबाबाहेर, मग एमआरआय करून मेंदूचा किती भाग अजून वाचण्यासारखा आहे ते बघत बसावं लागतं, आणि ते जमेलच असं नाही. पाच धरले तर हातात सव्वादोन तासांच्या वर शिल्लक. आईंच्या एका "पंखा कमी कर"ने एवढा फरक पडला. आधी सीटी, कारण रक्तस्राव असेल आणि हे इंजेक्शन दिलं तर माणूस हातचा जातो. सीटीत रक्तस्राव नाही. सात पंचावन्नला इंजेक्शन टोचलं. दारातून सुईपर्यंत तासाच्या आत असा नियम आहे म्हणे, सर सारखं भिंतीवरचं घड्याळ बघत होते आणि सीटीच्या टेक्निशियनवर ओरडत पण होते.

पूर्वी अल्टिप्लेज नावाचं औषध तासभर ड्रिपने द्यायचे, आता टेनेक्टिप्लेज, ते एकदाच शिरेत ढकललं की झालं. सीटी अँजिओत (मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) कळलं की मोठी नळी, म्हणजे रक्तवाहिनी, उघडी आहे, गुठळी पुढच्या बारीक फांदीत आहे, म्हणजे जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढतात तो प्रकार लागणार नाही. २०१५ पासून तो प्रकार पक्का झालाय, पाच मोठ्या ट्रायल (पेशंटवरच्या चाचण्या) एकाच वर्षी आल्या आणि सगळ्या एकाच बाजूने निघाल्या, आणि २०१८ पासून निवडक पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंत करता येतो. म्हणजे उशीर झाला म्हणून घरीच बसू नका, जा.

वॉर्डच्या पॅसेजमध्ये एक पोस्टर आहे, मोठी नळी बंद झालेल्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला १९ लाख न्यूरॉन (मेंदूतल्या पेशी) मरतात असं. अमेरिकेतल्या जेफ्री सेव्हर नावाच्या न्यूरोलॉजिस्टने २००६ साली तो हिशोब मांडला होता. मी ते पोस्टर बाहेर बसून इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय.

आता सरांबद्दल थोडं. हे सगळं त्यांनी एका बैठकीत सांगितलेलं नाही, तुकड्या तुकड्याने, राउंडला, कधी ओपीडीत. मुंबईच्या सरकारी कॉलेजातून शिकले. ते रेसिडेंट होते तेव्हा स्ट्रोकचा पेशंट म्हणजे ॲस्पिरिन, नाकातून नळी, कूस बदलणं आणि नातेवाईकांना "देवावर सोडा". १९९५ला अमेरिकेतली ट्रायल आली, तीन तासांच्या आत गुठळीचं औषध दिलं तर फायदा होतो ही, आणि २००८ला युरोपातल्या ट्रायलने ती वेळ साडेचार तासांवर नेली. मधे हे परदेशात गेले, तिथे बरीच वर्षं एका लॅबमध्ये स्टेम सेलवर काम. उंदरांच्या मेंदूची नळी बांधायची, मग पेशी द्यायच्या, मग उंदीर दांडीवरून चालतो का बघायचं. परत येऊन इथे स्ट्रोक युनिट. हे एवढ्यासाठी सांगतेय की स्टेम सेल हा शब्द ऐकून नाक मुरडणाऱ्यांपैकी हा माणूस नाही. उलट ऐन उमेदीची वर्षं त्यातच घातलीयत.

आणि अपॉइंटमेंटला उशीर का होतो तेही कळलं. एकदा आमचा नंबर लागून आत बसलो तर फोन आला, शहापूरकडच्या कुठल्यातरी छोट्या हॉस्पिटलचा, तिथल्या डॉक्टरने व्हिडिओवर पेशंट दाखवला, सरांनी आमच्यासमोर त्या पेशंटला फोनवरूनच हात वर करा, हसा, आपलं नाव सांगा असं केलं, सीटीचे फोटो झूम करून बघितले आणि तिथल्या डॉक्टरला सांगितलं वजन किती, एवढा डोस दे, मग गाडीत घालून इकडे पाठव. वीस मिनिटं गेली. आम्ही बसून. चिडायचं का नाही तेच कळेना. नंतर म्हणाले ही माझी आयडिया नाही, अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ऑगस्टा म्हणून गाव आहे तिथल्या मेडिकल कॉलेजच्या डेव्हिड हेस नावाच्या न्यूरोलॉजिस्टने आणि त्यांच्या टीमने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत खेड्यापाड्यातल्या हॉस्पिटलांना इंटरनेट कॅमेऱ्याने जोडलं, रीच असं त्या सिस्टीमचं नाव. डॉक्टर ऑगस्टात, पेशंट शंभर मैलांवर, औषध तिथल्या तिथे सुरू. हे हेस पुढे त्या कॉलेजचे डीन झाले. नाव लक्षात ठेवा, खाली परत येणार आहेत.

बरं, बाबा वाचले, दहा दिवसांच्या आत घरी आले, चालायला पण लागले काठीने. पण डावा हात येईना. आणि दुसरं एक विचित्र होतं जे आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पहिल्या फॉलोअपला सरांनी आईंना विचारलं, "काकू, जेवताना पानात काय उरतं यांच्या?" आई म्हणाल्या, भूक कमी झालीये, चटणी कोशिंबीर लिंबू सगळं तसंच असतं, भाजी आमटी मात्र चाटूनपुसून. सरांनी कागदावर ताट काढलं आणि विचारलं चटणी कोशिंबीर कुठे वाढता? डावीकडे. भाजी? उजवीकडे. सर नुसते आमच्याकडे बघत राहिले. मग आम्हाला कळलं. बाबांना भूक होती, चटणी आवडतच होती, त्यांच्या मेंदूला ताटाची डावी बाजू आहे हेच समजत नव्हतं. डोळे चांगले, दिसतं, पण तिकडे लक्षच जात नाही. मेंदूच्या उजव्या बाजूच्या झटक्यात होतं हे. दाढी पण उजव्या गालाचीच करायचे आणि आम्ही म्हणत होतो हात थकतो म्हणून सोडली असेल.

यावर गोळी नाही. सरांनी सांगितलं की त्यांच्या डावीकडे बसून बोला, टीव्ही डावीकडे हलवा, टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा आणि जेवताना आधी ती शोधायला लावा. आणि ड्रायव्हिंग बंद. हे शेवटचं त्यांनी एका वाक्यात, बाबांच्या तोंडावर, मान वर न करता सांगितलं. बाबा गाडीत पूर्ण वेळ गप्प. इथे सरांनी दोन मिनिटं द्यायला हवी होती असं मला वाटतं. माणूस पन्नास वर्षं गाडी चालवतोय.

आता मुख्य भाग. माझी नणंद खारघरला राहते. ताईंचा बाबांवर फार जीव, आणि हात येत नाही हे त्यांना बघवत नव्हतं. त्यांनी नवी मुंबईतलं एक सेंटर शोधलं, नाव घेत नाही, तिथे जाऊन काऊन्सेलिंग करून आल्या, चकचकीत फाईल घेऊन. साडेतीन लाखांचं पॅकेज, तीन सिटिंग, पेशंटच्याच कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, त्यातल्या पेशी वेगळ्या करून परत द्यायच्या, "पेशी मेंदूत जाऊन नवीन नसा तयार करतात". या महिन्यात बुक केलं तर फिजिओ फ्री. ताई एफडी मोडायला तयार. नवरा म्हणत होता करून तर बघू, नुकसान काय. मी म्हटलं, ज्या माणसाने आयुष्यभर तेच केलंय त्याला विचारू आधी.

ताई स्वतः आल्या ओपीडीला, फाईल घेऊन, जरा तयारीतच, की डॉक्टर उडवून लावतील मग मी बोलेन. सरांनी उडवून लावलं नाही. पूर्ण फाईल वाचली, पान उलटून उलटून. मग जवळजवळ अर्धा तास बोलले, बाहेर पेशंट ताटकळत. जेवढं मला आठवतंय आणि नंतर शोधून वाचलं तेवढं लिहिते.

म्हणाले, मी या पेशी उंदरांना दिल्यात आणि उंदीर खरंच धावले आहेत, खोटं नाही ते. पण लॅबमधला उंदीर तरुण, त्याला बीपी नाही, शुगर नाही, सगळ्यांची नळी एकाच जागी बांधलेली, आणि पेशी आपण ठरवलेल्या तासाला दिलेल्या. काकांचं तसं काहीच नाही. दुसरं, शिरेतून दिलेल्या पेशी जातात कुठे? सगळ्यात आधी फुप्फुसात, आणि बहुतेक तिथेच अडकतात, केसासारख्या नळ्यांच्या जाळीत. मेंदूपर्यंत पोचतात त्या अगदी थोड्या, आणि त्यांच्या काही नवीन नसा बनत नाहीत. फायदा होत असेल तर तो वेगळ्याच वाटेने, म्हणजे झटक्यानंतर शरीरात जी सूज उठते, प्लीहा वगैरे चवताळते, ती या पेशी शांत करतात असं म्हणतात. ताईंनी लगेच पकडलं, मग तोच फायदा बाबांना होईल ना? सर म्हणाले सूज पहिल्या काही दिवसांत असते, आता काय शांत करणार?

मग म्हणाले आपल्याच देशात बघा. एम्सच्या डॉ. कामेश्वर प्रसाद यांनी पाच सेंटर मिळून १२० पेशंटवर ट्रायल केली, २०१४ला छापून आली. अगदी हेच, पेशंटच्याच मज्जेतल्या पेशी, शिरेतून. निम्म्यांना दिल्या, निम्म्यांना नाही, आणि सहा महिन्यांनी बघितलं की स्वतः जेवता येतं का, आंघोळ, जिना, कपडे. दोन्ही गटांत फरक नाही. धोका पण नाही निघाला, हे ते प्रामाणिकपणे म्हणाले, पण फायदा नाही. आणि तीसुद्धा झटक्यानंतर महिनाभराच्या आत दिलेली होती, काकांना तर किती महिने उलटून गेले.

मग ते ऑगस्टावाले हेस. कॅमेऱ्याने खेड्यातले पेशंट वाचवणारे हेच डॉक्टर पुढे स्टेम सेलच्या मोठ्या ट्रायलचे प्रमुख होते. दात्याच्या मज्जेतून बनवलेल्या पेशी, झटक्यानंतर २४ ते ४८ तासांत शिरेतून. २०१७ला लॅन्सेट न्यूरॉलॉजी या मेडिकल जर्नलमध्ये आली, तीन महिन्यांनी फरक नाही. त्यांना वाटलं ३६ तासांच्या आत ज्यांना मिळाल्या त्यांना थोडा फायदा दिसतोय, म्हणून मग जपानमध्ये दोनशेच्या वर पेशंटवर फक्त ३६ तासांच्या आतले घेऊन परत केली. ठरवलेला रिझल्ट नाहीच आला. पेशी बनवणाऱ्या कंपनीने २०२४ला दिवाळखोरीचा अर्ज केला.

ताई म्हणाल्या, पण जुन्या पॅरालिसिसमध्ये डायरेक्ट मेंदूत देतात ना परदेशात? होय, ते पण सांगितलं. ग्लासगोत अकरा पुरुषांना दिल्या, २०१० पासून. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या टीमने अठरा जणांना, २०१६ला छापलं, काहींचे हात पाय खरंच सुधारले आणि पेपरात मोठमोठे मथळे आले. मग मोठी ट्रायल केली आणि त्यात काही पेशंटना नुसतं कवटीला वरवर भोक पाडल्यासारखं करून पेशी दिल्याच नाहीत, कोणाला काय मिळालं हे पेशंटला माहीत नाही. २०१९ला कळलं की खऱ्या गटात आणि नाटकाच्या गटात फरक नाही. इथे ताई पहिल्यांदा गप्प झाल्या. सर म्हणाले तुम्ही व्हिडिओत बघितलेला माणूस खोटा नसेल. पण तो पेशींमुळे उठला की त्याबरोबर जो रोज चार तास फिजिओ झाला त्यामुळे, की तसाही उठणारच होता, हे एका माणसाच्या व्हिडिओवरून ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही.

आणि मग नियम. आयसीएमआरच्या (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) २०१७च्या गाइडलाइन्सप्रमाणे रक्ताच्या आजारांसाठी जे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करतात, त्या पेशींचे ठराविक वापर सोडले तर बाकी सगळं अजून संशोधन आहे, ते फक्त मंजूर ट्रायलमध्येच करायचं, आणि त्याचे पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. ताईंना म्हणाले, तुमच्या खारघरलाच टाटाचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर सेंटर आहे, तिथे ब्लड कॅन्सरसाठी जे ट्रान्सप्लांट होतं ती खरी स्टेम सेल ट्रीटमेंट, त्यावर मी आत्ता सही करतो. ट्रायल असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा, नंबर असतो, सरकारी वेबसाइटवर कोणालाही बघता येतो, २००९पासून नोंदणी कंपल्सरी आहे. "लावा फोन, विचारा नंबर."

ताईंनी तिथेच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. सीटीआरआय नंबर म्हटल्यावर म्हणाली मॅडम जीएसटी नंबर का? नाही, सीटीआरआय. होल्ड करा. मग गाणं. मग आली, म्हणाली सर मीटिंगमध्ये आहेत, मी तुम्हाला ब्रोशर व्हॉट्सअॅप करते, आणि मॅडम ऑफर तीस तारखेपर्यंतच आहे. सरांनी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. ताईंनी फाईल पिशवीत टाकली.

मला आवडलं ते याच्या पुढचं. मी विचारलं, सर मग तुमची इतकी वर्षं फुकट गेली का? (नवऱ्याने टेबलाखालून पाय मारला.) सर हसले. म्हणाले यामानाका नावाच्या जपानी शास्त्रज्ञांनी २००६ला उंदराच्या साध्या कातडीच्या पेशीला परत मूळ पेशी बनवून दाखवलं, सहा वर्षांत नोबेल मिळालं, पण औषध यायला नोबेलपेक्षा जास्त वेळ लागतो. आजही पैजेवर सांगतो की काहीतरी निघेल यातून. "पण निघेल तेव्हा मी स्वतः तुम्हाला फोन करेन. तोवर काकांची एफडी मोडू नका." म्हणजे ज्या गोष्टीचं दुकान हा माणूस अख्ख्या ठाण्यात सगळ्यात सहज टाकू शकला असता, भिंतीवर सर्टिफिकेटं आहेत, परदेशातला अनुभव आहे, ती तो विकत नाही. साडेचार स्टार खरे त्याचे.

त्याच पैशात काय करायचं तेही सांगितलं. फिजिओ घरी, रोज, आठवड्यातून तीनदा नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट वेगळा, तो हाताच्या बोटांवर काम करतो, ठाण्यात शोधायला जरा वेळ लागतो पण मिळतात. आरशाची थेरपी, म्हणजे चांगला हात आरशात बघत हलवायचा आणि मेंदूला वाटतं डावाच हलतोय. आणि घरातली कामं. आईंना विचारलं वाल खाता का? आमच्याकडे बिरडं म्हणजे जीव की प्राण. मग काकांना वाल सोलायला बसवा, डाव्या हाताने, उजवा मांडीखाली. आता भिजवून मोड आलेले वाल बुळबुळीत असतात, चांगल्या माणसाच्या हातून निसटतात. पहिल्या दिवशी बाबांनी तासाभरात मोजून सहा वाल सोलले आणि ताट ढकलून दिलं. आता पिक्चर बघता बघता वाटीभर होतात, अर्धे चिरडलेले असतात, पण बिरड्यात कोणाला कळतंय. शर्टाची बटणं अजून लागत नाहीत. हात पूर्ववत होईल असं सर कधीच म्हणाले नाहीत.

तेलाला पण नाही म्हणाले नाहीत, हे आईंना फार बरं वाटलं. तेल लावा, पण खांदा ओढू नका, लुळा खांदा ओढला की निसटतो आणि मग दुखणं वेगळंच.

तक्रारी. एक, मन. बाबा दोन अडीच महिन्यांनी फार उदास झाले होते, बोलेनात, रात्री झोप नाही. स्ट्रोकनंतर साधारण तिघांत एकाला डिप्रेशन येतं हे मी स्वतः वाचलं आणि मी विचारल्यावर सरांनी गोळी सुरू केली, फरक पण पडला. पण मी विचारल्यावर. ताटातली चटणी ओळखणाऱ्या माणसाने हे आधी ओळखायला हवं होतं, हे माझं ठाम मत आहे. दोन, रिसेप्शन. टोकन घ्या, मग पैसे भरायला दुसरीकडे, मग बीपीला तिसरीकडे, मग परत टोकनवाल्या बाईकडे, आणि ती बाई फोनवर. स्ट्रोकचे पेशंट काठीने येतात हो, त्यांना कशाला फिरवता. तीन, डिस्चार्जच्या दिवशी इन्शुरन्सचं अप्रूव्हल यायला संध्याकाळ झाली आणि बिलात ग्लोव्हजचे एवढे पैसे की दवाखान्यातल्या सगळ्यांनी घालून गरबा खेळला असावा. ते सरांच्या हातात नाही, मान्य.

जाणार असाल तर: सीटी एमआरआयची सीडी न्या, नुसता रिपोर्टचा कागद सर बाजूला ठेवतात. चालू गोळ्यांची पाकिटंच न्या. पेशंटबरोबर जो चोवीस तास घरात असतो त्याला न्या, इंग्लिश चांगलं बोलतो म्हणून मुलाला नव्हे, कारण प्रश्न पंख्याचे आणि ताटाचे असतात. फी पहिल्यांदा दीड हजार, नंतर हजार. मंगळवारी गर्दी जरा कमी. गाडी नेऊ नका, बेसमेंट डॉक्टरांच्या गाड्यांनी भरलेलं असतं आणि बाहेर लावली तर टोइंगवाले पंधरा मिनिटांत उचलतात. रिक्षाने जा आणि रॅम्प मागच्या गेटला आहे, पुढे पायऱ्या आहेत.